पाणचटपणावर कॉर्नफ्लोर हा उपाय नाही

सफरचंदाचा सॉस पातळ झाला तर कॉर्नफ्लोर लावा, असं काही जण सुचवतात. पटत नाही. त्याने चव पिठूळ होते आणि फ्रीझरमधून काढल्यावर पाणी सुटतं. मुळात पाणीच कमी घाला: १ किलो फोडींना अर्धी वाटी पुरे, तेही फक्त तळ लागू नये म्हणून. जाड बुडाचं पातेलं, झाकण, मंद आच, १५ ते २० मिनिटं. तरीही पातळ वाटलं तर झाकण काढून ढवळत आटवा. शिंतोडे उडतात, लांब दांड्याचा डाव घ्या.

साखरेचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. साखर सुरुवातीला घातली की फोडी आकार धरून बसतात, विरघळत नाहीत. लिंबाचंही तेच. दोन्ही शेवटी, फोडी डावाने सहज मोडल्यावरच घाला. बाजारातलं लाल डिलिशियस जातीचं सफरचंद आधीच गोड, त्याला बहुधा साखर लागतच नाही. हवं तर त्यात निम्मं गोल्डन डिलिशियस (पिवळ्या सालीचं सफरचंद) मिसळा. साली आणि गाभा (बिया काढून) मलमलच्या पुरचुंडीत बांधून सोबत शिजवा, त्यातल्या पेक्टिनने (फळातला घट्टपणा आणणारा नैसर्गिक घटक) छान दाटपणा येतो. पुरचुंडी पिळून मगच काढा.