मदत हवी आहे: गुऱ्हाळाच्या फोटोंत मागचं धूसर ठेवू की दिसू देऊ?

मंडळी, कोल्हापूरजवळच्या एका गुऱ्हाळावर सध्या फोटो काढतोय. हंगाम संपायच्या आत मालिका पुरी करायची आहे, पण एका ठिकाणी गाडं अडलंय.

कॅमेरा क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरचा, लेन्स ५० मिमी एफ १.८ (एफचा आकडा लहान तेवढं लेन्सचं छिद्र मोठं, उजेड जास्त, पण फोकसमध्ये येणारी खोली कमी). गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा, काहिलीतला पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळते का बघतो, ती वेळ मला हवी असते. त्याच्या पाठीमागे चार-पाच मीटरवर चुलवाणात चिपाडं सारणारा बसलेला असतो.

दीड मीटरवरून एफ १.८ ला जेमतेम सहा-साडेसहा सेंटीमीटर खोली फोकसमध्ये येते. डोळे लख्ख, कान गेले, आणि मागचा जाळ म्हणजे नुसते नारिंगी गोळे. फोटो देखणा येतो, पण गुळव्या एकटा, कुठंतरी हरवल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो त्याच क्षणी मागं बघून "जाळ कमी कर की!" म्हणून ओरडत असतो. मित्रानं बघून विचारलं, "लई भारी, पण प्री-वेडिंग कुणाचं?"

एफ ८ ला खोली तीसेक सेंटीमीटर मिळते. मागचा माणूस तरीही धूसरच, पण वाकलेली पाठ आणि हातातली चिपाडं कळतात. याचा पाक त्याच्या जाळावर अवलंबून आहे हे दिसतं, आणि मला तेच दाखवायचंय. अडचण उजेडाची. शेडमध्ये आधीच अंधार, त्यात एफ १.८ वरून ८ ला गेलं की प्रकाश वीसेक पट कमी. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४०० चा थेट ८००० होतो आणि वाफेत दाणे दिसायला लागतात. शटरचा वेग आणखी उतरवला तर ढवळणारे हात हलल्यासारखे फाटतात.

जाणकारांना विचारायचंय, २४ मिमी लेन्स घेतली तर तेवढ्याच अंतरावरून एफ ४ ला साठ सेंटीमीटरच्या वर खोली मिळेल, पण चेहरा लहान होईल. काहिलीच्या आणखी जवळ जायचं तर धग सोसत नाही आणि कामात अडथळाही नको. अशा वेळी तुम्ही चेहरा सोडता की उजेड? आणि एकाच मालिकेत दोन-तीन फोटो एफ १.८ चे, बाकी सगळे एफ ५.६ च्या पुढचे, असं चालतं का? की मध्येच सूर बदलल्यासारखं वाटतं?

फोनचा पोर्ट्रेट मोड कृपया सुचवू नका, तो वाफेची कड कात्रीनं कापल्यासारखी कापतो.