‘दर सेकंदाला १५ सेकंद’ याचं भाषांतर कसं करायचं?

शाईचा डाग
मंडळी, एका दुर्बिणीची वापरपुस्तिका मराठीत करतेय. एरवी माझं काम पंप, गिझर, पंखे असल्या वस्तूंचं. आकाश हा माझा प्रांत नाही. दुर्बिणीच्या माउंटला (ती ज्यावर बसवतात त्या बैठकीला) मोटर आहे आणि तिच्याबद्दल इंग्रजीत सरळ लिहिलंय की मोटर दुर्बिणीला ‘दर सेकंदाला १५ सेकंद’ फिरवते. छपाईची चूक म्हणावी तर पुढच्या तक्त्यातही तेच. एका सेकंदात पंधरा सेकंद मावणार कसे?

कामाच्या सॉफ्टवेअरनं तर कहर केला. एका ठिकाणी ‘पंधरा दुसरे’ असं लिहून मोकळं झालंय.

त्यात याच पुस्तिकेत सेकंडरी मिरर आहे, सेकंड आयपीस (डोळा लावायचं भिंग) आहे, ‘बटण दोन सेकंद दाबून धरा’ आहे आणि हमीच्या पानावर ‘सेकंड हॅण्ड दुर्बिणीला हमी लागू नाही’ हेही आहे. एकाच शब्दाला इतकं राबवायचं म्हणजे काय! बाकीचे निभावते, पण त्या १५ सेकंदांचं काय करू?

ध्रुवमत्स्य
पुस्तिका बरोबर आहे. त्या वाक्यात दोन वेगळे सेकंद आहेत, एक काळाचा आणि एक कोनाचा. कोनाच्या सेकंदाला मराठीत ‘विकला’ म्हणतात. अंशाचे ६० भाग केले की एक कला, कलेचे ६० भाग केले की एक विकला. इंग्रजीत यांनाच मिनिट आणि सेकंद म्हणतात, म्हणून हा घोळ.

आता हिशेब बघा. पृथ्वी साधारण २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. तासाचेही ६०-६० भाग आणि अंशाचेही ६०-६० भाग, त्यामुळे आकडा खालपर्यंत तोच राहतो: मिनिटाला १५ कला, सेकंदाला १५ विकला. तारा नजरेतून निसटू नये म्हणून मोटर दुर्बिणीला याच वेगानं उलट दिशेनं फिरवते. (काटेकोर आकडा १५.०४ आहे, कारण ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वीची फेरी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत पुरी होते. पुस्तिकेत १५ असेल तर १५च ठेवा.)

खरा सापळा मात्र पुढे असेल. ताऱ्यांची स्थानं दिलेला तक्ता आहे का? मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचं उदाहरण घ्या. त्याचा विषुवांश (आकाशातलं पूर्व-पश्चिम स्थान) ५ तास ३५ मिनिटं १७ सेकंद आणि क्रांती (उत्तर-दक्षिण स्थान) उणे ५ अंश २३ मिनिटं २८ सेकंद असं छापलेलं असतं. यातले १७ सेकंद काळाचे, २८ सेकंद कोनाचे! विषुवांशातला एक सेकंद म्हणजे १५ विकला. दोन्हीकडे डोळे मिटून ‘सेकंद’ लिहिलंत तर वाचणारा हौशी माणूस पहिल्याच रात्री दुर्बीण भलतीकडे रोखून बसेल. क्रांतीला अंश-कला-विकला, विषुवांशाला तास-मिनिट-सेकंद. एवढं सांभाळा.

खोडरबर
वर ‘पंधरा दुसरे’ला हसलोय आपण, पण ते सॉफ्टवेअर नकळत मुळापर्यंत पोचलंय. सेकंद म्हणजे खरोखरच ‘दुसरा’.

साठाच्या पटीत भाग करण्याची रीत बाबिलोनची. प्राचीन ज्योतिर्विद टॉलेमीनं ती खगोलगणितात वापरली आणि पुढे लॅटिनमध्ये पहिल्या बारीक भागाला ‘पार्स मिनुटा प्रिमा’ आणि त्या भागाच्या पुन्हा केलेल्या भागाला ‘पार्स मिनुटा सेकुंडा’ अशी नावं पडली. पहिल्यातलं ‘मिनुटा’ उरलं, दुसऱ्यातलं ‘सेकुंडा’ उरलं. म्हणजे मिनिट = बारीक, सेकंद = दुसरा. अरबीतही हीच जोडी आहे: दकीका म्हणजे बारीक, सानिया म्हणजे दुसरी.

तिसराही होता बरं का. मध्ययुगीन विद्वान अल् बिरूनीनं इ.स. १०००च्या सुमारास चांद्रमासाची गणितं मांडताना सेकंदाच्या पुढे तिसरे आणि चौथे भागही वापरले, इंग्रज विद्वान रॉजर बेकननं १२६७मध्ये तसंच केलं. आपली ‘प्रतिविकला’ म्हणजे कोनाच्या बाबतीत तोच तिसरा भाग. पण हे सगळं कागदावरच. सेकंद मोजू शकेल असं भरवशाचं घड्याळ डच शास्त्रज्ञ हायगेन्सच्या १६५६च्या लंबकाच्या घड्याळानंतरचं. त्याहून बारीक मोजायची वेळ आली तोवर दशांशाची सवय लागली होती, म्हणून सेकंदाच्या साठाव्या भागाऐवजी हजारावा भाग आला आणि तिसरा बिचारा मागे पडला.

आणि गंमत म्हणजे आता सेकंद कुणाचाच दुसरा भाग नाही. १९६७पासून त्याची व्याख्या सीझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांवर बेतलेली आहे. तास म्हणजे ३६०० सेकंद, असा हिशेब उलटा झालाय. १९७२ ते २०१६ या काळात जगाच्या घड्याळांत पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखायला २७ वेळा एक जादा सेकंद, म्हणजे लीप सेकंद, घुसवला गेला, म्हणजे ती मिनिटं चक्क ६१ सेकंदांची होती.

उपसूचना
आकाशातून जरा सभागृहात या. माझी अख्खी नोकरी सभांची इतिवृत्तं लिहिण्यात गेली, त्यामुळे ‘सेकंड’ म्हटलं की मला घड्याळ आठवतच नाही. ठराव मांडतो तो सूचक, सेकंड करतो तो अनुमोदक. भाषांतरात ‘अनुमोदन दिले’ असंच हवं. ‘दुजोरा दिला’ बातमीत चालतं, इतिवृत्तात नको. दुजोरा माहितीला देतात, ठरावाला नाही.

तेच क्रियापद सरकारी पत्रात आलं तर सांभाळून! ‘अमुक अधिकाऱ्याला तमुक खात्यात सेकंड केले’ म्हणजे प्रतिनियुक्तीवर पाठवले. ब्रिटिश उच्चारात तिथे जोर ‘कंड’वर येतो, पण कागदावर जोर दिसत नाही. सेकंड केलेल्या अधिकाऱ्याला ‘अनुमोदित अधिकारी’ केलेलं मी स्वतः वाचलंय.

बुद्धिबळातला सेकंड आणखी निराळा. पीटर हाइने नील्सन आधी आनंदचा सेकंड होता, नंतर कार्लसनचा. तिथे तो दुसरा खेळाडू नसतो, तयारी करून घेणारा सहायक असतो. बॉक्सिंगमध्ये कोपऱ्यात टॉवेल घेऊन उभा असतो तोही सेकंड. पूर्वी द्वंद्वयुद्धाला जाताना सोबत न्यायचे तोही. लॅटिन मूळ ‘मागून येणारा’ असं आहे, ते या मंडळींना चपखल बसतं. दुकानदार ‘सेकंड्स’ म्हणतो तेव्हा मात्र किरकोळ खोट असलेला माल.

जाता जाता: इंग्रजीत पहिला आणि तिसरा हे शब्द घरचे, दुसरा तेवढा फ्रेंचांकडून आणलेला. त्याआधी हे काम ‘अदर’ करत असे.

शाईचा डाग
ध्रुवमत्स्य, तक्ता आहे आणि तुम्ही म्हणता तसाच आहे. आता निस्तरते. खोडरबर, ते ६१ सेकंदांचं मिनिट डोक्यातून जात नाहीये.

लिहिताना लक्षात आलं की आपण नकळत एक सोय करून ठेवलीय. काळाला ‘सेकंद’ आणि क्रमाला ‘सेकंड’. सेकंड इयर, सेकंड शिफ्ट, सेकंड हॅण्ड. पण दहा सेकंद. ‘सेकंद काटा’ आणि ‘सेकंड हॅण्ड’ हे इंग्रजीत तंतोतंत एकच शब्द आहेत, मराठीत गल्लत व्हायचा प्रश्नच नाही. म्हणून ठरवलंय: काळ असेल तर सेकंद, कोन असेल तर विकला, सेकंडरी मिररला दुय्यम आरसा, आयपीसला दुसरी नेत्रिका, आणि हमीच्या पानावर ‘वापरलेली दुर्बीण’. पहिल्यांदा विकला येईल तिथे एका ओळीत अर्थ देईन, कारण दुर्बीण घेणाऱ्या सगळ्यांनाच तो शब्द ठाऊक असेल असं नाही.

शेवटचं एकच. तांत्रिक माहितीत अशी ओळ आहे: ‘८″ दुर्बीण, विभेदनक्षमता ०.५७″’. दोन्हीकडे तेच दोन तिरके फराटे. दोन्ही विकलाच का?

ध्रुवमत्स्य
नाही नाही! पहिले इंच आहेत. आठ इंच म्हणजे मुख्य आरशाचा व्यास, सुमारे २०३ मिलिमीटर. दुसरे फराटे विकलांचे: ११६ला मिलिमीटरमधल्या व्यासानं भागलं की दोन तारे किती विकला जवळ असूनही सुटे दिसू शकतात तो आकडा मिळतो, आणि इथे तो बरोबर ०.५७ येतो. चिन्हं काढून टाका आणि अक्षरांत लिहा: ‘८ इंची दुर्बीण, विभेदनक्षमता ०.५७ विकला’. तक्त्यात जागा कमी म्हणून चिन्हं ठेवावी लागली, तर तक्त्याखाली खुलासा द्या. नेत्रिकांच्या यादीत १.२५″ आणि २″ असेल, तेही इंचच.