व्हर्च्युअल स्ट्रिंग्ज ऑर्गनसारख्या सपाट का वाटतात?

सूरवेल्हाळ: नमस्कार मंडळी, एका शॉर्ट फिल्मचं पार्श्वसंगीत करतोय, त्यात स्ट्रिंग्जचा (व्हायोलिन-चेलोसारख्या गजाच्या वाद्यांचा) एक संथ भाग आहे, तो कॉम्प्युटरवर कीबोर्डने वाजवतोय. लायब्ररी (खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांचा म्हणजे सॅम्पलचा संग्रह) चांगली आहे, एकेक सूर वाजवला तर मस्त वाटतो, पण दोन्ही हातांनी कॉर्ड (एकत्र दाबलेले सूर) धरले की ऑर्गन लावल्यासारखं होतं. रिव्हर्ब (घुमारा) वाढवला, व्हेलॉसिटी (की किती जोरात दाबली तो आकडा) वरखाली केली, ढिम्म फरक नाही. दुसरी लायब्ररी घ्यावी लागेल का?

गजधर: अजिबात नको, आहे तीच पुरेल. लांब सुरांच्या बऱ्याच पॅचमध्ये (लायब्ररीतल्या तयार आवाजांमध्ये) व्हेलॉसिटीने जोर बदलतच नाही, ते काम मॉड व्हीलचं (कीबोर्डवरच्या चाकाचं) म्हणजे सीसी १ चं; सीसी म्हणजे ० ते १२७ मध्ये फिरणारा मिडी कंट्रोल. सीसी ११ फक्त पातळी कमीजास्त करतं, पण सीसी १ फिरवलं की हळू वाजवलेल्या सॅम्पलमधून जोरात वाजवलेल्यात जातो आपण, म्हणजे आवाजाचा पोतच बदलतो. खरा वादक चार मात्रांचा सूर एकाच जोरात कधी धरत नाही हो, गज ओढला जातो तसा सूर फुलतो आणि गज संपत आला की उतरतो. म्हणून व्हील ४५ च्या आसपास सुरू करा, तिसऱ्या मात्रेला ८० पर्यंत न्या, मग पुढच्या सुराआधी ६० वर आणा. आणि हे माऊसने आखू नका, वाजवता वाजवताच डाव्या हाताने फिरवा, त्यातला कमीजास्तपणाच कामाचा असतो.

मंद्रसप्तक: वरचं बरोबरच आहे, पण माझ्या मते खरी गोची कॉर्डमध्ये आहे. मोठ्या ऑर्केस्ट्रात साधारण १६ पहिली व्हायोलिन, १४ दुसरी, १२ व्हायोला, १० चेलो आणि ८ डबल बेस असतात, आता १६ जणांच्या पॅचवर चार सुरांचा कॉर्ड दाबला तर एकदम ६४ व्हायोलिन वाजणार, मग ते खरं कसं वाटेल? प्रत्येक वाद्याला वेगळा ट्रॅक द्या, एका वेळी एकच सूर, आणि प्रत्येक ओळ एकेकटी गाऊन बघा. मधली व्हायोलाची ओळ गाताना कंटाळा आला तर ती वाजवणाऱ्यालाही येणार, बदला ती. खालचे सूर लांब लांब ठेवा, वर जवळ आले तरी चालतात.

सूरवेल्हाळ: ओळी वेगळ्या केल्या आणि जमीनअस्मानाचा फरक पडला, खूप आभार दोघांचे! पण आता लिगॅटो (सूर एकमेकांना जोडून वाजवणारा) पॅच लावला की सूर मागे पडतात, क्वांटाइझ करूनसुद्धा (नोट्स तालाच्या ग्रिडवर नेमक्या बसवूनही).

गजधर: क्वांटाइझमुळेच तसं होतंय. लिगॅटोत एका सुरावरून दुसऱ्यावर जातानाची सरक रेकॉर्ड केलेली असते, ती आधी वाजते आणि मग सूर पोचतो, त्यात १०० ते २५० मिलीसेकंद सहज जातात. तेवढ्या नोट्स ग्रिडच्या आधी ओढा किंवा ट्रॅकला निगेटिव्ह डिले द्या (म्हणजे अख्खा ट्रॅक तेवढा आधी वाजेल), फक्त स्पिकाटो-स्टॅकाटो (तुटक सूर) वेगळ्या ट्रॅकवर ठेवा कारण त्यांचा उशीर वेगळा असतो. आणि आधीची नोट पुढचीवर जराशी चढू द्या, नाहीतर सरक वाजतच नाही.

मंद्रसप्तक: रिव्हर्ब वाढवण्याआधी लायब्ररीतले माइकचे फेडर (जवळच्या-लांबच्या माइकचा आवाज कमीजास्त करणाऱ्या पट्ट्या) बघा, हॉलमध्ये रेकॉर्ड केलेली लायब्ररी असेल तर हॉल त्यात आधीच आहे. पहिल्या व्हायोलिनच्या ओळीवर एक सोलो व्हायोलिन अगदी हळू मिसळून पाहा, गज तारेवर घासल्याचा खरखरीतपणा येतो. सोलो वेगळं ओळखू यायला लागलं की एक-दोन डीबी (डेसिबल) खाली घ्या.