गाडी फोडणारी पोरं आधी जेलात, की आधी गाडीमालकासमोर?

सिडकोकर:
मागच्या पावसाळ्यात रात्री दोनच्या सुमाराला आमच्या गल्लीत पोरांनी कोयते नि दांडके घेऊन नऊ गाड्या फोडल्या. त्यात वडिलांची रिक्षा होती. पुढची काच गेली, हूड उभं फाडलं. आठ दिवस धंदा बंद. पोरं सापडली, दोघं नाशिकरोडच्या सेंट्रल जेलात गेली. पंचनाम्यावर वडिलांची सही घेतली, त्यानंतर त्यांना कोणी काही विचारलं नाही. ते अजून म्हणतात, "मी त्यांचं काय वाकडं केलं होतं, एवढंच विचारायचं होतं."

कॅनडातल्या एल्मिरा गावात १९७४ साली दोन तरुणांनी एका रात्रीत २२ ठिकाणी अशीच तोडफोड केली होती. न्यायाधीशांनी त्यांना घरोघर पाठवलं. प्रत्येक मालकाला भेटायचं, नुकसान ऐकायचं आणि भरून द्यायचं. काही महिन्यांत त्यांनी भरपाई केलीही. न्यूझीलंडने १९८९च्या कायद्यात अल्पवयीन मुलांसाठी घरची माणसं आणि पीडित एकत्र बसतील अशा बैठका आणल्या. आपल्याकडे दर चार कैद्यांतले सुमारे तीन कच्चे कैदी आहेत. तारखांची वाट बघत आत बसलेल्या पोराकडून काचेचा एक रुपया येत नाही. पहिलाच गुन्हा असेल तर आधी समोरासमोर बसवा, एवढं माझं म्हणणं आहे.

मेनरोडची दुकानदार:
दादा, तुमच्या वडिलांबद्दल वाईट वाटलं. पण मी समोर बसलेली आहे, म्हणून लिहिते. हप्ता मागणाऱ्या पोराविरुद्ध मी तक्रार दिली. तो जामिनावर सुटला आणि दोन महिन्यांनी त्याच्या ओळखीतले एक 'भाऊ' दुकानात आले. "ताई, पोराचं आयुष्य खराब होईल, मिटवून घ्या." पोराने हात जोडले. माफी मागताना तो माझ्याकडे नाही, भाऊंकडे बघत होता. मी मान डोलावली, कारण रात्री शटर मलाच ओढायचं असतं. नंतर कोर्टात मी काही बोललेच नाही. एल्मिराच्या मालकांना असं कोणी भेटायला आलं होतं का?

कोर्टातला एक:
ताई, तुमच्याबाबतीत झालं तो समेट नव्हे, साक्षीदार फोडणं आहे. खंडणीचा गुन्हा कायद्याने तडजोडीला पात्रच नाही. सिडकोकर, तुमच्या प्रकरणातही अडचण आहे. खासगी मालमत्तेचं किरकोळ नुकसान मिटवता येतं, पण कोयता आला की शस्त्र कायदा लागतो, तो घरात बसून मिटत नाही. वाट अगदीच बंद नाही. १९५८चा परिवीक्षा कायदा आहे, त्यात चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडता येतं आणि भरपाईही द्यायला लावता येते. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या न्याय संहितेत पाच हजारांखालच्या पहिल्या चोरीला, माल परत दिला तर, सामुदायिक सेवेची शिक्षा आहे. पण या दोन्हींत पीडिताला समोर बसवणं कुठेच नाही. वडिलांचा प्रश्न तिथेही राहतोच.

निफाडवाला:
आमच्याकडे २००७ला गावची भांडणं गावातच समितीसमोर मिटवायची तंटामुक्ती मोहीम आली तेव्हा बांधाची भांडणं खरोखर मिटली. समितीत कोण बसलं, यावर सगळं होतं. एका गरीब बाईने तडजोडीच्या कागदावर अंगठा दिला, ते अजून आठवतं. अंगठा लावताना तिने कागदात काय लिहिलंय ते विचारलंसुद्धा नाही. जातपंचायतीही "घरातलं घरात मिटवा" असंच म्हणायच्या. सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६चा कायदा आपल्याला उगाच करावा लागला नाही. माझा विरोधच.

सिडकोकर:
ताईंचा मुद्दा मान्य. खंडणी, बाईवरचा अत्याचार, जातीचा छळ यांत बैठक नकोच. बाकी ठिकाणीही पीडित स्वतःहून म्हणेल तरच. बैठक कोर्टाच्या आवारात, कोर्टाने नेमलेल्या माणसासमोर, भाऊ नि पुढारी बाहेर. आणि "नको" म्हटलं तर खटला जसाच्या तसा चालू.

मेनरोडची दुकानदार:
आवारात "नको" म्हणून मी घरी येणार कुठल्या रस्त्याने? तो रस्ता त्याच्याच घरावरून जातो. याचं उत्तर द्या, मग मी तुमच्या बाजूने.