‘इम्पेकेबल’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : ‘इम्पेकेबल’चा अर्थ कुठे ‘निष्पाप’ दिलेला असतो, कुठे ‘निर्दोष’. पण ‘त्याचं इंग्रजी इम्पेकेबल आहे’ यातलं इंग्रजी निष्पाप कसं असेल?

उत्तर : दोन्ही अर्थ खरे आहेत, फक्त काळ वेगळे. मूळ लॅटिन क्रियापद ‘पेक्कारे’. रोमन वक्ता सिसेरोच्या काळी ते साध्या चुकीलाही चालायचं. पुढे ख्रिस्ती धर्माच्या लॅटिनमध्ये ते मुख्यतः पापाशी जोडलं गेलं. त्यातून आलेला ‘इम्पेकाबिलिस’ म्हणजे ज्याच्या हातून पाप घडूच शकत नाही असा. पाप न करणं वेगळं आणि करता न येणं वेगळं; ख्रिस्ताबाबत धर्मपंडितांनी याच भेदावर वाद घातले. सोळाव्या शतकात इंग्रजीत शब्द आला तो हाच अर्थ घेऊन. सतराव्या शतकात तो वागण्या-बोलण्याला लागू झाला आणि पाप मागे पडलं.

याच कुळातला इंग्रजी ‘पेकॅडिलो’ स्पॅनिशमधून आला. ‘पेकादो’ म्हणजे पाप, त्याचं लघुरूप ‘पेकादिल्यो’, म्हणजे बारीकसारीक आगळीक. मला सगळ्यात आवडतो तो आता जवळजवळ विसरला गेलेला ‘पेकंट’. जुने युरोपीय वैद्य शरीरातल्या बिघडलेल्या रसाला ‘पेकंट ह्यूमर’ म्हणत. आपल्या आयुर्वेदातही वात-पित्त-कफांना ‘दोष’च म्हणतात!

प्रश्न : ब्रिटिश सेनापती नेपियरने सिंध जिंकल्यावर ‘पेक्कावी’ अशी तार केली होती ना?

उत्तर : नाही. १८४३ साली सिंधमधून तार पाठवण्याची सोयच नव्हती. ‘पेक्कावी’ म्हणजे ‘मी पाप केलं’, इंग्रजीत ‘आय हॅव सिन्ड’, आणि ते कानाला ‘आय हॅव सिंध’ असं लागतं. हा श्लेष कॅथरिन विंकवर्थ या किशोरवयीन मुलीचा. १८४४ साली लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकात तो छापून आला आणि लोकांनी नेपियरच्या नावावर चढवला. सिंधच्या तालपूर मीरांचं राज्य बळकावणं अन्यायाचं आहे, असं तेव्हा इंग्लंडमध्येही अनेकांचं मत होतं, म्हणून तो इतका झोंबला. हेच सिंध १८४७ ते १९३६ मुंबई इलाख्यात होतं.

प्रश्न : मग ‘एरर’सुद्धा याच कुळातला का?

उत्तर : नाही, तो ‘एर्रारे’पासून, म्हणजे भटकणे. संस्कृत ‘भ्रम्’चाही मूळ अर्थ फिरणे, भटकणे असाच, त्यावरून ‘भ्रम’ आणि ‘भ्रांती’.

‘इम्पेकेबल’साठी मी एकच शब्द धरून बसणार नाही. हिशेब चोख, भाषा बिनचूक, चारित्र्य निष्कलंक. आणि वागण्याबद्दल बोलायचं असेल तर ‘नाव ठेवायला जागा नाही’ हेच मला सर्वांत नेमकं वाटतं.