ईआरपी चालू होऊन अडीच महिने झाले, स्टोअरची डायरी काही बंद होत नाही

प्लॅनिंगवाली

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितेय, चहा घेऊनच बसा.

भोसरी एमआयडीसीत एका मशिन शॉपमध्ये अकरा वर्षं आहे. दीडशेच्या आत माणसं. सीएनसी टर्निंग आणि थोडं ग्राइंडिंग आमच्याकडे होतं, हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंग बाहेर. डिप्लोमावर लागले, नोकरी करत बीई केलं. माझं काम पीपीसीचं. म्हणजे उद्या कुठल्या मशिनवर काय लागणार ते ठरवायचं आणि लागलं नाही की सगळ्यांची बोलणी खायची.

गेल्या खंडेनवमीला मशिनांची पूजा झाली आणि धाकट्या शेठनी तिथंच जाहीर केलं, आपण ईआरपी (स्टॉक, प्लॅनिंग, बिलं सगळं एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) घेतोय आणि प्रोजेक्ट मॅनेजर मॅडम असणार. मॅडम म्हणजे मी. हातात खोबऱ्याचा प्रसाद, समोर सगळं शॉप. नाही म्हणायला तोंड रिकामं नव्हतं.

दिवाळी ते फेब्रुवारी आयटम मास्टर साफ करण्यात गेले. एकट्या एम-८ बोल्टची पाच नावं निघाली, ती कथा पुन्हा कधीतरी. ३१ मार्चला स्टॉक मोजला, १ एप्रिलला सिस्टीम चालू. व्हेंडरचा माणूस पंधरा दिवस बसला आणि गेला. बिलं, ई-इन्व्हॉइस, ई-वे बिल सगळं सुरळीत. अकाउंट्स खूश आहे.

अडलंय ते स्टोअरमध्ये. आमचे स्टोअरचे काका सव्वीस वर्षं त्या एकाच खिडकीत बसतात. मीटिंगमध्ये म्हणतात, "हो मॅडम, करतो की." आणि खिडकीत काळ्या पुठ्ठ्याची डायरी, कानावर पेन्सिल. दिवसभर माल डायरीवर जातो, संध्याकाळी पाचला एक मुलगा बसून सगळं कॉम्प्युटरमध्ये चढवतो. त्यामुळे सकाळी अकराला मी जो स्टॉक बघते तो कालचा असतो. परवा सिस्टीमवर ४० एमएमचा गोल स्टील बार ११०० किलो दिसत होता. प्लॅन लावला. रॅकवर जाऊन बघते तर तीन बार. मशिन पाच तास उभं.

धाकटे शेठ म्हणतात, डायरी उचलून कपाटात टाका, आपोआप वळण लागेल. मला ते होत नाही. मी नवीन असताना बारच्या टोकाचा रंग बघून ग्रेड ओळखायला याच काकांनी शिकवलं. ट्रेनिंग दिलं नाही असंही नाही. गुरुवारी सगळ्यांना बोलावून प्रोजेक्टर लावून दोन तास समजावलं, वडापाव पण दिले.

दोन प्रश्न. पीएमपी, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं ते सर्टिफिकेट, केलं तर अशा गोष्टी शिकायला मिळतात का? आणि ज्यांनी असले बदल कंपनीत रुजवलेत त्यांनी नेमकं काय केलं? व्हेंडरच्या स्लाइडमध्ये बदलाच्या आठ पायऱ्या होत्या. आमची पहिल्याच पायरीला फरशी निसरडी आहे.

हिंजवडीकर

पीएमपीबद्दल सांगतो, मी २०२२ मध्ये दिली. डिग्री असेल तर ३६ महिने प्रकल्प चालवल्याचा अनुभव दाखवावा लागला, शिवाय ३५ तासांचं प्रशिक्षण. २३० मिनिटांत १८० प्रश्न. तुमच्याकडे प्रकल्पाचा अनुभव जेमतेम नऊ महिन्यांचा दिसतोय, त्यामुळे तूर्तास कॅपम बघा, ती त्याच संस्थेची सुरुवातीची परीक्षा, त्याला अनुभवाची अट नाही. फायदा होतो, खोटं नाही सांगत. वेळापत्रक, जोखमीची यादी, कोणी काय करायचं आणि कोणाला फक्त कळवायचं याचा तक्ता, हे सगळं हाताला लागतं. आमच्या वेळच्या अभ्यासक्रमात ४२ टक्के भाग माणसांशी वागण्याचा होता.

पण त्यातल्या बहुतेक प्रश्नांमध्ये चार पर्याय असतात आणि एक बरोबर असतो. काका पर्याय देत नाहीत.

आठ पायऱ्या म्हणताय त्या जॉन कॉटर यांच्या असणार, १९९५ च्या लेखातल्या. पहिली पायरी निकड निर्माण करण्याची. आता सांगा, तुमच्याकडे निकड कोणाला होती? शेठना. बिलं वेळेवर निघाली म्हणून अकाउंट्सला. काकांचं सिस्टीमविना काय अडत होतं?

एक्सेलप्रेमी

ईआरपीतून एक्सेलमध्ये उतरवायचं बटण कुठं असतं तेवढं शोधा. बाकी सगळ्या कंपनीची गाडी त्याच बटणावर चालते.

निवृत्त_फोरमन

ताई, आधी रागावतो, मग सांगतो. गुरुवारी ट्रेनिंग? भोसरीत गुरुवार म्हणजे सुट्टी. त्या दिवशी माणसाला गॅस आणायचा असतो, पोराच्या शाळेत जायचं असतं. तुमच्या वडापावानं ते भरून निघत नाही. पुढच्या वेळी पाळी बदलताना वीस-वीस मिनिटं घ्या, आणि प्रोजेक्टरवर नको, खिडकीतच.

आता डायरीचं. १९९८ साली मी हेच केलं होतं जे तुमचे धाकटे शेठ सांगतायत. आम्ही बिन कार्ड, म्हणजे प्रत्येक मालाच्या खणाला आवक-जावक लिहायचं कार्ड, आणली होती, आयएसओचं ऑडिट तोंडावर होतं, आणि स्टोअरवाला जुनं रजिस्टर सोडेना. मी ते उचलून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. आठ दिवस शांतता. मला वाटलं जिंकलो. नवव्या दिवशी असेंब्ली थांबली. हीट ट्रीटमेंटवाल्याकडं आमचे किती नग पडलेत हे कोणालाच सांगता येईना. ५७ एफ ४ चलनावर, म्हणजे बाहेर कामाला पाठवलेल्या मालाच्या कागदावर, २००० गेलेले, आलेले तुकड्यातुकड्यानं, त्यातले काही वाकडे म्हणून परत गेलेले. हा सगळा हिशेब त्या रजिस्टरच्या मागच्या पानांवर होता. बिन कार्डावर तो रकानाच नव्हता. ड्रॉवर उघडून रजिस्टर परत दिलं, चार माणसांसमोर. कान असे लाल झाले होते!

(तो एक्साइजचा नियम जाऊन जमाना झाला, जीएसटी आलं, तरी चाकण-भोसरीत अजून चलनाला ५७ एफ ४ च म्हणतात. बदल, बदल म्हणून तुम्ही मंडळी बोलता ना, तो हा असा चालतो.)

तुमच्या पोस्टमध्ये एक गोष्ट मला खटकली. तुम्ही लिहिलंय सिस्टीमवर ११०० किलो आणि रॅकवर तीन बार. एकीकडं किलो, दुसरीकडं नग. ऑपरेटर खिडकीत येऊन काय मागतो? "काका, दोन बार द्या" म्हणतो ना? मग किलो कोण करतं, कशावर करतं? तुमचा वजनकाटा कुठं आहे?

शेठना सांगा आठ दिवस थांबा. सकाळी पहिली पाळी सुरू होताना खिडकीच्या आत काकांच्या शेजारी स्टूल टाकून बसा. लॅपटॉप नेऊ नका. शिकवू तर अजिबात नका. डायरी कशी भरतात ते बघा, आणि सिस्टीममध्ये नसलेला रकाना दिसला की लिहून घ्या.

एचआर_नाशिक

फोरमन साहेबांशी सहमत. एक बाजू राहिली ती सांगते. शॉपमध्ये युनियन किंवा कामगार समिती असेल तर त्यांच्याशी अजून बोलला नसाल तर आजच बोला. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९-अ होतं. पाळ्या, कामाचे तास, किंवा कामगार कपात होऊ शकेल अशी यंत्र-पद्धतीतली सुधारणा करायची तर आधी नोटीस आणि मग २१ दिवस थांबायचं. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती २१ दिवसांची तरतूद आहे. तुमची खिडकीतली एंट्री यात बसेलच असं नाही. पण उद्या "एंट्रीसाठी स्टोअरचा माणूस सहाऐवजी सातला येईल" असं कोणी परस्पर ठरवलं तर प्रकरण तिकडं जाऊ शकतं.

कायद्यापेक्षा मोठी असते ती कॅन्टीनमधली बातमी. आमच्याकडे बारकोड आले तेव्हा आठवडाभरात पसरलं की स्टोअरची चारातली दोन माणसं जाणार. व्यवस्थापनाच्या डोक्यातही नव्हतं. पण नाही म्हणून कोणी सांगितलंही नव्हतं. तुमच्या काकांची निवृत्ती जवळ आली असेल तर त्यांच्या शेजारी बसून पाचला एंट्री करणारा तो मुलगा त्यांना कोण वाटत असेल, विचार करा.

खतावणी

मी सांगली जिल्ह्यातल्या एका नागरी सहकारी बँकेतून निवृत्त झाले. रिझर्व्ह बँकेनं नागरी बँकांना कोअर बँकिंगसाठी, म्हणजे सगळ्या शाखा एकाच सिस्टीमवर आणायला, ३१ डिसेंबर २०१३ ही मुदत दिली होती, त्या धांदलीत मी शाखेत होते. आमची शाखा समांतर चालायची, म्हणजे खतावणीतही लिहायचं आणि कॉम्प्युटरवरही. तुमच्यासारखंच. समांतर चालवण्यात एक गंमत आहे, दोन्हीकडची चूक दुसरीकडं ढकलता येते. फरक आला की कॅशियर म्हणणार सिस्टीम चुकली, सिस्टीमवाला म्हणणार कॅशियर.

आमच्या मॅनेजरांनी एक तारीख ठरवली. त्या संध्याकाळी प्रत्येक खात्याची शिल्लक सिस्टीमशी ताडून पाहिली. रात्री साडेअकरा झाले. मग ज्या क्लार्कनं ते लेजर वर्षानुवर्षं लिहिलं होतं त्यालाच शेवटच्या ओळीखाली तांबडी रेघ मारायला लावली, "शिल्लक पुढे नेली" असं लिहवून घेतलं आणि सही त्याची. उचलून नेलं नाही कोणी. दुसऱ्या दिवशी लेजर कपाटात होतं, किल्ली त्याच्याचकडं. दोन-चारदा त्यानं उघडून बघितलंही असेल.

तारीख मात्र हवीच. आणि ती वरच्यानं जाहीर करायची. प्रोजेक्ट मॅनेजरनं सांगितलं तर ते "मॅडमचं सॉफ्टवेअर" राहतं.

प्लॅनिंगवाली

तीन आठवड्यांनी येतेय, माफ करा. स्टूल टाकून बसले. आठ नाही, पाच दिवस जमलं. जे दिसलं ते लिहिते, लाज वाटली तरी.

फोरमन काका, वजनकाटा गेटवर आहे. स्टोअरपासून शंभर-सव्वाशे पावलं. बार विकत येतो किलोत, म्हणून सिस्टीममध्ये त्याचं एकक किलो. ऑपरेटर मागतो नग. म्हणजे एक बार द्यायचा तर काकांनी तो गेटवर नेऊन तोलायचा, परत आणायचा आणि मग एंट्री करायची. सहा मीटरचा बार, पावसात! ते करत काय होते तर व्यास गुणिले व्यास भागिले १६२, म्हणजे मीटरला किती किलो. चाळीसच्या बारला ९.८८. सहा मीटरला एकोणसाठ-साठ किलो. हे ते तोंडी करतात, डायरीत नग लिहून ठेवतात आणि संध्याकाळी त्या मुलाला किलो सांगतात. मुलगा कधी ऐकतो, कधी नगाचाच आकडा किलो म्हणून चढवतो. दोन बार गेले की सिस्टीममधून दोन किलो कमी. ते ११०० किलो तिथून आले.

व्हेंडरनं कागद दिला होता, प्रत्येक आयटमचं एकक तपासून सही करा म्हणून. ती सही माझी आहे. फेब्रुवारीच्या शेवटी, रात्री नऊला, अठ्ठावीस पानं एका दमात.

डायरीत आणखी दोन रकाने निघाले. एक "उसने". ग्राइंडिंगवाल्यांनी टर्निंगच्या जॉबचा माल तात्पुरता नेला की काका तिथं टिंब काढतात, परत आला की टिंबावर फुली. सिस्टीममध्ये असा व्यवहारच नाही, एकतर दिला किंवा नाही दिला. दुसरा प्लेटिंगवाल्याचा, कुठल्या चलनाचे किती नग बाकी आणि कधी गेले. वर्ष उलटूनही माल परत आला नाही तर तो पाठवला त्या दिवशीच विकला असं धरून जीएसटी लागतो. हे आमच्या अकाउंट्सला ठाऊक होतं, पण तारखा काकांकडं होत्या. दोन चलनं अकराव्या महिन्यात होती. मी त्याच दिवशी टेम्पो पाठवला.

एचआर ताई, तुमचं खरं निघालं. काकांना वाटत होतं तो मुलगा त्यांच्या जागी आणलाय. मी धाकट्या शेठना म्हटलं, हे तुम्ही खिडकीत जाऊन बोला. ते गेले. काय बोलले मला ठाऊक नाही, दार लावून बोलले.

आता बारला दुसरं एकक लावून घेतलंय. नग टाका, किलो सिस्टीम काढते. व्हेंडरनं त्याचे वेगळे पैसे लावले, शेठनी माझ्याकडं बघितलं, मी जमिनीकडं. बार मागायला आलं की काका आता स्वतः एंट्री करतात, एका बोटानं, पण त्याच वेळी. बोल्ट-वॉशर अजून संध्याकाळीच चढतं. चालवून घेतेय.

तारीख ठरलीय, महिनाअखेरचा स्टॉक मोजून झाला की. तांबड्या रेघेचं काकांना सांगितलं. म्हणाले, रेघ मारीन, पण टिंबांचं काय ते आधी सांगा. म्हणून "उसने" साठी शॉपच्या नावानं वेगळी जागा उघडून माल तिकडं बदली दाखवायचा विचार आहे. तसं केलं तर जॉबची कॉस्टिंग, म्हणजे खर्चाचा हिशेब, बिघडते का? कोणी केलंय का असं? आणि वाकडे म्हणून प्लेटिंगला परत गेलेले नग जुन्याच चलनावर दाखवता की नवीन चलन करता? फोरमन काका, तुम्ही आहात ना इथं?

निवृत्त_फोरमन

आहे. नवीन चलन करा, आणि त्यावर जुन्याचा नंबर घाला. उसन्याचं उद्या लिहितो, नातवाला क्लासला सोडायचंय.