सेल्सच्या नोकरीत मालकाने कसा चुना लावला?

पुण्यात सेल्सच्या नोकऱ्यांना तोटा नाही. बालेवाडीची बांधकामं, चाकणचे डीलर, क्लासेस, विमा, औषधं. टू-व्हीलर आणि मोबाइल असला की ‘उद्यापासून या’. पैसे मात्र खात्यात पडेपर्यंत खरे नव्हेत. पगार, इन्सेंटिव्ह, डिपॉझिट, काय बुडालं ते लिहा. कंपनीचं नाव नको, युक्ती सांगा. नवीन मुलांना तीच कामाची.

माझ्यापासून सुरुवात. बाणेरच्या एका साइटवर फ्लॅट विकायचो. आलेलं कुटुंब आधी फॉर्म भरतं, त्यात ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ असा रकाना. होर्डिंग बघून आलेलं गिऱ्हाईक थेट, त्याचा इन्सेंटिव्ह आमचा. एका जोडप्याला सँपल फ्लॅट दाखवला, कर्जाचं गणित मांडून दिलं, बुकिंग झालं. हिशेबाला फॉर्म निघाला तर होर्डिंगपुढची निळी खूण खोडलेली आणि शेजारी एजंटाचा शिक्का. एजंट कोण, तर आमच्या सेल्स हेडचा मेहुणा. दलाली तिकडे गेली, मला टीमवर्कवर भाषण मिळालं.

माजी एमआर (औषध कंपनीचा विक्री प्रतिनिधी), सदाशिव पेठ:
आमच्याकडे महिनाअखेर म्हणजे शिमगा. टार्गेट भरत नसलं की एरिया मॅनेजरचा फोन, “स्टॉकिस्टच्या गळ्यात माल मार, पुढच्या महिन्यात परत घेऊ.” हे कायम तोंडी, व्हॉट्सअ‍ॅपवर चुकूनही नाही. स्टॉकिस्ट, म्हणजे औषधांचा घाऊक व्यापारी, माझ्या शब्दावर बिल घ्यायचा, कारण रोज तोंड दाखवणारा मीच. मॅनेजरची परदेशवारी पक्की, आणि खोकल्याचं सिरप भर मे महिन्यात स्टॉकिस्टच्या रॅकवर पडून. एक्स्पायरी जवळ आली की कंपनी म्हणणार, परत घ्यायची बोलीच नव्हती. तोवर मॅनेजर नाशिकला बदलून गेलेला. मी राजीनामा दिला तर त्या मालाचे पैसे माझ्या फुल अँड फायनलमधून, म्हणजे नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशेबातून, कापले. वर इंदापूर-बारामतीचा आउटस्टेशन डीए (बाहेरगावच्या कामाचा दैनिक भत्ता) ‘रिपोर्ट उशिरा भरला’ म्हणून नामंजूर! ऊन माझं, पेट्रोल माझं.
एमआरसाठी १९७६ चा वेगळा कायदा होता, म्हणून वाकडेवाडीच्या कामगार आयुक्त कार्यालयात निदान दाद तरी लागली. युनियनमधल्या एका दादांनी अर्ज लिहून दिला. डीए सुटला, मालाचे पैसे अजून लटकलेत.

वॉटर प्युरिफायर, घरोघरी:
डेमो मशीनचं डिपॉझिट घेतलं होतं. ऑफिस कात्रजला. दिवाळीनंतर गेलो तर तिथे मोमोजचं दुकान. मालक कुठल्या गावचा, तेही कुणाला माहीत नाही.

काउन्सेलर, खराडी:
ऑनलाइन कोर्स विकायचे. ऑफर लेटरवर आकडा दणदणीत, पण निम्मा ‘व्हेरिएबल’, म्हणजे विक्रीवर अवलंबून. पालकांनी हप्ता थांबवला की त्या अ‍ॅडमिशनचा आधी दिलेला इन्सेंटिव्ह माझ्या पगारातून वजा. कोर्सची गुणवत्ता मी ठरवते का? सोडते म्हटलं, नोटीस पिरियड पुरा केला, तरी अबस्कॉण्डिंगचं, म्हणजे न सांगता काम सोडून पळाल्याचं, पत्र घरी आलं, तेही नेमकं सासऱ्यांच्या हातात. रिलीव्हिंग लेटर आजतागायत नाही. नव्या ठिकाणी राजीनाम्याचा ईमेल आणि बँक स्टेटमेंट दाखवून भागलं.

काउन्सेलरताईंना:
पीएफ कापत होते ना? मग पासबुक उघडून बघा. माझ्या सॅलरी स्लिपवर दरमहा कपात आणि पासबुक कोरं. आपला वाटा कापून घेऊन भरायचा नाही, हा फौजदारी गुन्हा आहे. गोळीबार मैदानाच्या पीएफ ऑफिसात स्लिपांच्या झेरॉक्स दिल्या, तेव्हा कुठे मालकांचा गोड आवाजात फोन, “अरे, आधी बोलायचंस ना!”
आणि नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू आहे. राजीनामा दिला तरी राहिलेलं वेतन दोन कामकाजी दिवसांत द्यावं लागतं. एचआर ‘४५ दिवसांची पॉलिसी’ सांगायला लागली तर कलम १७ विचारा, आणि ईमेलवर विचारा.